ख्वाजाभाईला कोणी थांबवलं

नेकनूरच्या स्टँडवर उतरून कुणालाही विचारा, तो हातातलं काम टाकून सांगेल. ख्वाजा फळवाला विमानाच्या शिडीवर एक पाय ठेवून उभा होता, तेवढ्यात कुठूनसा एक फकीर आला. हिरवा साफा, पांढरी दाढी, हातात मोरपिसांचा कुंचा. त्यानं ख्वाजाच्या कानात दोनच शब्द टाकले, 'मत जा', आणि उभ्या जागी नाहीसा झाला. ख्वाजानं पाय मागं घेतला. विमान उडालं आणि पडलं.

चौसाळ्याला हाच फकीर घोड्यावरून येतो. पाटोद्याला तो कानात बोलत नाही, सरळ थोबाडीत मारतो. पाटोद्याची माणसं पहिल्यापासून जरा तापट. ख्वाजाच्या गालावर उठलेली बोटं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याचं सांगणारे चार-दोन जण आमच्यातही आहेत, आणि ते खोटं बोलत नाहीत. बोटं उठली होती. कुणाची, ते येईलच.

ही गोष्ट माझ्या कानावर आली तेव्हा अजून कुजबुजत सांगायचे. मग तिचा आवाज वाढला, आणि वाढता वाढता तिनं असा प्रताप केला की राधाकिशनच्या आरोहीची अंदमानातली नर्सची नोकरी हातची जायची वेळ आली. आता राधाकिशन कोण आणि त्याच्या पोरीचा ख्वाजाच्या विमानाशी काय संबंध, हे नीट कळायचं तर आधी त्या दोन गाड्यांजवळ जाऊन उभं राहिलं पाहिजे.

स्टँडच्या वळणावर लिंबाखाली दोन हातगाडे लागतात. एक ख्वाजाभाईचा, एक राधाकिशनचा. ख्वाजा हंगामाप्रमाणं आंबा, मोसंबी, सीताफळ विकतो. राधाकिशन बारमाही पेरू आणि केळी. दोघांचे केस काळे होते तेव्हापासून गाडे शेजारी आहेत आणि तेव्हापासून दोघं एकमेकांच्या मालाची बदनामी करतात. गिऱ्हाईक राधाकिशनकडे वळलं की ख्वाजा म्हणणार, "घ्या ताई घ्या, पेरू झकास हाय. फक्त दात घरी ठेवून खा." गिऱ्हाईक ख्वाजाकडे गेलं की राधाकिशन सुस्कारा सोडणार, "सीताफळ लई चांगलं काका. रिकामपण असलं की बिया थुंकत बसायला बरं." आणि दुपारी हेच दोघं एका पोत्यावर मांडी घालून बसणार. अजमतबीच्या हातची खट्टी दाल राधाकिशनच्या पुढ्यात, गीताबाईची धपाटी ख्वाजाच्या. कुणाची बायको कुणाला जेवू घालते, असं मी एकदा विचारलं तर दोघांनी मिळून मला शिव्या दिल्या.

ख्वाजाभाई बोलण्यात शूर. पावणेपाच फूट उंची, मेंदी लावलेली दाढी, आणि तोंड उघडलं की निजामापासून सुरुवात. त्याच्या आजोबांचे आंबे हैदराबादला हत्तीवरून गेलते, असं तो सांगतो. आम्ही म्हणतो, हत्तीनंच खाल्ले असतील.

तर मागं एका सीताफळाच्या हंगामात हा चौसाळ्याला हायवेच्या कडेला टोपली घेऊन बसला होता. बालाघाटाच्या डोंगरातलं सीताफळ तेव्हा भरात असतं. एक मोठी गाडी थांबली. आतून मुंबईचा एक शेठ उतरला. त्याचा आइस्क्रीमचा धंदा, सीताफळाचा गर कुठं चांगला मिळतो ते पाहायला आला होता. शेजारच्या जिल्ह्यात एक लहान धावपट्टी आहे, तिथं त्याचं भाड्याचं छोटं विमान उभं होतं. शेठनं रस्त्यावर उभ्यानंच एक सीताफळ खाल्लं, मग दुसरं, आणि मग बोटं चाटत म्हणाला, "हे माझ्या आईला खायला घालायचंय."

"कच्चं न्या शेठ," ख्वाजा म्हणाला. "डोळे उघडलेलं, पण कडक. तिकडं गेल्यावर पिकल."

"आई नव्वदीला आलीय हो. पिकेपर्यंत थांब, असं सांगू तिला?"

"मग पिकलेलं न्यावं लागल. पण पिकलेलं सीताफळ गाडीला भीत असतंय. एक दणका बसला की खल्लास. ते मांडीवरच न्यावं लागतंय, वल्या बाळंतिणीच्या लेकरावानी."

शेठ हसला. "मग तुम्हीच चला मांडीवर घेऊन. परवा सकाळी निघतोय. विमानात एक खुर्ची रिकामी आहे. आईच्या हातात द्या आणि रेल्वेनं परत या."

इथं खरं तर ख्वाजानं विचार करायला पाहिजे होता. पण त्याचं तोंड त्याच्या आधी धावतं. "चलतो की," तो म्हणाला, "त्यात काय."

चौसाळ्याहून ख्वाजा घरी पोचायच्या आधी बातमी नेकनूरला पोचली. मग दीड दिवस गावात दुसरा विषय नाही. दाढीला ताजी मेंदी लागली. नातीनं, अलिनानं, खिडकीतून ढगांचा फोटो काढून आणायला सांगितलं. लोक मुद्दाम वाट वाकडी करून गाड्यावर यायचे, आणि ख्वाजा पेपरात वाचल्यासारखं विमानाविषयी सांगायचा. राधाकिशन तेवढा पेटला होता.

"कावून जातो बे? वरून खाली बघितलं की गरगरल तुला."

"तुझा गाडा वरून दिसतो का, तेवढं बघणार हाय. दिसला तर थुंकणार."

"बरं मग एक काम कर. विमानात लघवीला गेलेलं कुठं पडतंय, ते तेवढं बघून ये. आपल्या शिवारावरून जाणार आसल तर मी पेरू झाकून ठेवतो."

निघायच्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. परतीचा पाऊस, त्याचा काही नेम नसतो. ख्वाजा पहाटेच्या जीपनं गेला. मांडीवर वेताची टोपली, तळाला पळसाची पानं, वर अजमतबीची जुनी ओढणी, आणि तिच्यात एकेक फळ निजवलेलं. अजमतबी दारात उभी राहून एवढंच म्हणाली, "पोचल्यावर फोन करा."

फोन आला नाही. दुपारी आप्पाच्या हॉटेलातल्या टीव्हीवर बातमी आली. वादळी पावसात उड्डाण केल्यावर काही क्षणांत छोटं विमान शेतात कोसळलं, आतले चारही जण ठार. नावं खाली सरकत होती. शेठचं, दोन पायलटांची, आणि शेवटी, नेकनूर येथील फळविक्रेते ख्वाजा. आप्पानं आधी आवाज वाढवला, मग टीव्हीच बंद केला. कपातला चहा कुणी उचलला नाही.

राधाकिशन तेव्हा गिऱ्हाइकाला केळी देत होता. त्याला सांगितल्यावर त्यानं केळी खाली ठेवली, आपल्या गाड्यावरची ताडपत्री काढली आणि ख्वाजाच्या गाड्यावर टाकून चारी बाजूंनी बांधली. पाऊस सुरू होता. त्याचे स्वतःचे पेरू भिजत राहिले. मग तो ख्वाजाच्या घरी गेला, खुर्च्या आणवल्या, दारात मांडव घातला, आणि पाटोद्याला ख्वाजाच्या धाकट्या बहिणीला फोनही त्यानंच केला. घरात काय हलकल्लोळ झाला असेल, ते मी लिहीत नाही. ज्याच्या घरी झालाय त्याला ठाऊक असतो.

आता ख्वाजा कुठं होता? विमानात नव्हता, हे तुम्हाला सुरुवातीलाच सांगितलंय. तो कसा बसला नाही ते पुढं त्याच्याच तोंडून येईल. तूर्त एवढं घ्या, की टोपली विमानात गेली, ख्वाजाचं नाव प्रवाशांच्या यादीत तसंच राहिलं, तो मात्र विमान उडायची वाट न बघता धावपट्टीच्या फाटकाबाहेर निघून आला, आणि आता नेकनूरला कोणत्या तोंडानं जायचं, हा प्रश्न त्याच्यापुढं उभा राहिला. त्यावर त्यानं जी तोड काढली ती फक्त ख्वाजालाच सुचू शकते. पाटोद्याला बहिणीकडे जायचं, दोन दिवस तिथं दडून राहायचं, आणि मग मुंबईहून आल्यासारखं रुबाबात गावात उतरायचं. 'बसला का विमानात' म्हणून लोकांचे फोन येऊ नयेत म्हणून त्यानं फोन बंद करून ठेवला. आणि येताना रिकाम्या हातानं कसं यायचं, म्हणून पाटोद्याच्या मिठाईवाल्याकडून मुंबई हलव्याचा एक डबाही घेतला.

बहिणीच्या दाराला कुलूप. शेजारच्या ओट्यावर ताराबाई नावाची एक म्हातारी डाळ निवडत बसली होती. तिची नजर अधू, तिनं ह्याला ओळखलं नाही.

"कुठं गेली ही?" ख्वाजानं विचारलं.

"नेकनूरला गेली दादा. तिचा भाऊ विमानात मेला."

"कोणता भाऊ?"

"एकच होता बाई तिला."

ख्वाजा ओट्याच्या पायरीवर बसला. त्याला आधी काहीच कळेना. मग कळलं, की आपण मेलोय. मग हळूहळू कळलं की आपण मेलो असू तर विमान पडलंय, आणि आपण नसलो तरी बाकीचे तिघं त्यात होते. ताराबाईनं त्याला पाणी दिलं. "तुमच्या वळखीतला होता का?" तिनं विचारलं. ख्वाजानं मान हलवली. मग उठला आणि नेकनूरकडे जाणारी पहिली बस धरली.

दिवेलागणीला तो घराच्या गल्लीत शिरला तेव्हा मांडवात गर्दी मावत नव्हती. सगळ्यांची तोंडं पुढं, ह्याच्याकडे पाठ. आप्पा चहा वाटत होता, त्यानं वर न बघता एक कप ह्याच्याही हातात दिला. पुढं राधाकिशन उभा होता. बोलायला म्हणून कुणी त्याला सांगितलं नव्हतं, पण त्याला थांबवणार कोण.

"सीताफळ निवडावं तर त्यानं," राधाकिशन डोळे पुसत म्हणत होता. "आख्ख्या जिल्ह्यात तसा हात न्हाई. मी गिऱ्हाइकाला काहीबाही सांगायचो, ते समदं खोटं हाय. माझ्या घरी पाव्हणे आले तर मी चोरून त्याच्याच गाड्यावरचं न्यायचो."

"मग हे गिऱ्हाइकापुढं कावून बोलला न्हाईस बे?" मागून आवाज आला.

पुढचं काय सांगू. दोन खुर्च्या मोडल्या. एक पाव्हणा नालीत पडला. पाटोद्याहून आलेली बहीण आधी किंचाळली आणि मग त्याच दमात भावाला शिव्या देऊ लागली. राधाकिशन गर्दी फोडत आला, त्यानं ख्वाजाला उचलून छातीशी धरलं, खाली ठेवलं आणि काडकन थोबाडीत दिली. फकिराची बोटं म्हणतात ती ही.

मग बायका बाजूला झाल्या आणि अजमतबी बाहेर आली. तिनं नवऱ्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. तिची नजर हातातल्या डब्यावर थांबली. डब्यावर दुकानाचं नाव होतं आणि नावाखाली ठळक अक्षरात 'पाटोदा'. तिनं तो डबा काढून घेतला, ओढणीखाली झाकला आणि म्हणाली, "आत चला." तिला सगळं समजलं होतं. पण ती बाई अशी, की नवऱ्याची अब्रू तिनं आयुष्यभर अशीच ओढणीखाली ठेवलेली.

लोक मात्र आत जाऊ देईनात. राधाकिशननं खांद्याला धरलं. "कोण थांबवलं बे तुला?"

ख्वाजा घाबरलेला, गाल चरचरत होता. त्याच्या तोंडून निघालं, "थांबवलं... आता काय सांगू."

"म्हातारा होता का?"

ख्वाजा गाल चोळत राहिला.

"पांढरी दाढी?"

"आसल."

"आन् साफा हिरवा," राधाकिशन गर्दीकडे वळून म्हणाला. झालं. मोरपिसांचा कुंचा रात्रीतून कुणीतरी घातला. घोडा चौसाळ्याचा.

ख्वाजानं तेव्हाच खोडून काढायला पाहिजे होतं. पण सबंध गाव आपल्यासाठी रडलेलं, त्यापुढं उभं राहून खरं काय ते सांगायचं, आणि तेही राधाकिशनच्या तोंडावर, हे त्याला जमलं नाही. नुसता दाढी कुरवाळत राहिला, आणि दाढी कुरवाळणारा माणूस गप्प असला की लोकांना तो पोचलेला वाटतो.

मग गंमत सुरू झाली. नवी जीप घेतलेला माणूस आधी ख्वाजाचा हात स्टिअरिंगला लावून न्यायचा. पुण्याला जाणारी पोरं एसटीचं तिकीट त्याच्या कपाळाला टेकवायची. एका पुढाऱ्यानं हेलिकॉप्टरनं सभेला जाऊ का म्हणून निरोप पाठवला. ख्वाजानं कळवलं, रस्ता बरा हाय. सीताफळ तर असं खपलं की दुपारीच टोपल्या पालथ्या. हात लावायला रांग लागायची ती राधाकिशनच्या गाड्यापुढून, त्यामुळं पेरूही उठला. राधाकिशन फकिराची गोष्ट येईल त्याला सांगायचा, रोज नवी भर घालून. इतकी सांगितली, की शेवटी त्याचा स्वतःचा तिच्यावर विश्वास बसला. तिथंच तो फसला.

कारण त्याच सुमारास आरोहीला नेमणुकीचं पत्र आलं. पोरगी नर्सिंग शिकलेली, अंदमानातल्या दवाखान्यात नोकरी लागली. लगेच हजर व्हायचं, म्हणजे विमानानंच जायचं. आणि गीताबाई आडवी पडली. "फकीरबाबानं ख्वाजाभाऊला थांबवलं. माझ्या लेकीला कोण थांबवणार? विमानानं न्हाई जायचं."

"अगं, ते वेगळं विमान," राधाकिशन म्हणाला.

"पडायला काय, कोणतंबी पडतंय. तुमीच सांगता ना समद्यांला?"

आरोहीनं दोन दिवस आईला समजावलं, तिसऱ्या दिवशी रडली. शेवटी गीताबाईनं मार्ग काढला. ख्वाजाभाऊंकरवी फकिराला विचारायचं. तो हो म्हणाला तर पोरगी जाईल, नाही म्हणाला तर घरी बसेल.

बाजाराचा दिवस होता, स्टँड माणसांनी फुललेलं. गीताबाई आरोहीला घेऊन गाड्यापुढं उभी राहिली. लोक आपोआप जमले. आरोही हळूच म्हणाली, "चाचा, मला जायचंय. हो म्हणा."

ख्वाजाला सोपं होतं. त्यानं डोळे मिटले, दाढीवर हात फिरवला आणि म्हणाला, "जाऊ द्या वहिनी. बाबा म्हणतात, जाऊ द्या."

गीताबाईनं हात जोडले. "लई उपकार झाले भाऊ. मग दिवाळीला येताना फोन करते, तवाबी विचारून सांगा. परत जाताना एकदा. आन् तिकडून हिची कुठं बदली झाली तर..."

ख्वाजाचा हात दाढीवर थांबला. त्यानं पोरीकडे पाहिलं. ती पोरगी जन्मभर विमानानं जाणार आणि दर वेळी तिची आई ह्या गाड्यापुढं येऊन उभी राहणार, आणि एखाद्या दिवशी आभाळ भरून आलेलं असलं तर आपण काय सांगणार आहोत?

"वहिनी," तो म्हणाला, "फकीर नव्हता."

"होता बे," राधाकिशन पलीकडून म्हणाला. "हिरवा साफा."

"साफा तुझा हाय राधू. तू घातलास त्याला."

लोक हसले, मग हसायचे थांबले, कारण ख्वाजा हसत नव्हता.

"मी तिथं गेलतो," त्यानं सांगायला सुरुवात केली. "विमान बघितलं. टेम्पोएवढं. वारं असं, की ते उभ्या उभ्या हलत होतं. शेठ आत जाऊन बसलेले. खाली लहान पायलट उभा होता, माझ्या पोराच्या, अबरारच्या वयाचा. मी त्याला म्हणलं, बेटा, मला भ्या वाटतंय. तो हसला न्हाई. तो म्हणाला, चाचा, डर लगता है तो मत आइए, इसमें क्या है. टोपली मुझे दीजिए, मैं संभालूंगा. शेठला मी सांगतो म्हणाला. आन् टोपली माझ्यासारखीच, अशी पोटाशी धरून वर गेला."

त्यानं गाड्यावरचं एक सीताफळ उचललं, उगाच, आणि परत ठेवलं.

"लोक म्हणतात, बाबानं मला सांगितलं. मला सांगितलं आन् त्या पोराला न्हाई सांगितलं? त्याची आई न्हाई का? असला कसला फकीर? मला भ्या वाटलं, एवढंच. ते विमान पडलं. बाकीची रोज जातात, रोज उतरतात."

स्टँडवर एक बस येऊन उभी राहिली तरी कुणी हललं नाही. गीताबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. मग तिनं लेकीकडे तोंड केलं.

"तुला भ्या वाटतंय का गं?"

"थोडं वाटतंय," आरोही म्हणाली.

"मग?"

"मग जाते की."

"जा मग," गीताबाई म्हणाली, आणि जाता जाता ख्वाजाच्या गाड्यावरची चार सीताफळं पिशवीत टाकून घेऊन गेली. निवडून कच्ची, प्रवासाला टिकणारी.

सगळ्यांच्या नजरा राधाकिशनकडे. ख्वाजा मान खाली घालून वाट पाहत होता. राधाकिशननं पेरू पुसला, रचला, पुन्हा पुसला. "भ्यालास म्हणून जगला," तो शेवटी म्हणाला. "न्हाईतर मी भांडायचं कुणासंगं." आणि एवढं चांगलं बोलून झाल्यावर त्याला राहवेना. "पण टेम्पोएवढं विमान बघून? अजमतभाभी, ऐकलं का?"

अजमतबी जेवणाचा डबा घेऊन नुकतीच आली होती. "त्यात नवीन काय?" ती म्हणाली. "घराच्या माळवदावर चढत न्हाईत. वाळवण मीच घालते, हे खालून शिडी धरतात आन् वरचं सांगतात."

ते हसू पार बाजाराच्या टोकापर्यंत गेलं. त्यात ख्वाजाचंही होतं.

आरोही हैदराबादहून विमानात बसली. सोडायला राधाकिशन गेला होता, आणि गेटवर तो इतका रडला की शिपायानं त्याला खुर्ची दिली. हे आम्हाला आरोहीनंच फोनवर सांगितलं. तेव्हापासून ख्वाजा ते गिऱ्हाइकांना सांगतो. विमान उतरल्यावर तिनं आईला समुद्राचा फोटो पाठवला. गीताबाईनं विचारलं, धुणं कुठं वाळत घालता?

ख्वाजानं त्या पायलटाच्या घरचा पत्ता अबरारकडून शोधून काढला. दर हंगामात पहिली टोपली तिकडं जाते, कच्ची, गवतात बांधलेली.

गाव मात्र फकिराला सोडायला तयार नाही. भर बाजारात ऐकलेली माणसंसुद्धा परगावच्या पाव्हण्याला साफा आणि कुंचाच सांगतात. माझं म्हणणं विचारलंत तर, फकीर आला नाही. ख्वाजाला विमानात बसायची भीती वाटली. त्यानं ते पायलटाला सांगितलं, पायलट म्हणाला नका येऊ, आणि तो गेला नाही.